भोकाच्या आतलं तांबं

मार्च संपता संपता फोन यायला लागले. सकाळी कार्ड चालतंय, दुपारी बंद पडतंय, संध्याकाळी परत चालू. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांत मी लूमची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करतो. परदेशातून वापरून आलेले रेपिअर लूम आमच्याकडे बरेच आहेत. त्यांच्या जकार्डची, म्हणजे नक्षीसाठी ठरावीक धागे वर उचलणाऱ्या यंत्रणेची, कॉइल चालवणारं मूळ कार्ड आता मिळत नाही, म्हणून मी स्वतःच एक कार्ड तयार केलं होतं. १६० बाय १०० मिलिमीटरचं, दोन्ही बाजूंनी तांब्याचे ट्रॅक असलेलं. बोर्ड बाहेरगावच्या एका ठिकाणाहून करून घेतले, २० नग. थंडीत सगळे नीट चालले. शेडमधला पारा चाळिशी ओलांडायला लागला आणि टॉवेलच्या नक्षीत उभी रेघ पडायला लागली. एक कॉइल चालत नाही म्हणजे त्या जागचा धागा कायम खालीच, आणि रेघ थेट टॉवेलभर.

माझा पहिला संशय गेला सोल्डरिंगवर. आमच्या दुकानात सोल्डरिंग करणाऱ्या ताई सात वर्षांपासून आहेत. मी त्यांना तीन वेळा तीच कार्डं परत सोल्डर करायला लावली आणि तिसऱ्या वेळी नको तेवढं बोललो. त्या गप्प बसल्या. "दादा, जोड चांगला आहे, तुम्ही स्वतः बघा," एवढंच म्हणाल्या. मी बघितलं नाही.

आठवड्याने बघितलं. बंद पडणारं कार्ड टेबलावर घेतलं, मीटरचं एक टोक वरच्या पॅडवर (भोकाभोवतीच्या तांब्याच्या चकतीवर) आणि दुसरं त्याच भोकाच्या खालच्या पॅडवर ठेवलं आणि गरम हवेची गन लांबून मारली. बीप वाजत होता, बोर्ड तापला तसा थांबला. गन बाजूला केली, फुंकर मारली, बीप परत. जोड दोन्हीकडे चकचकीत. तुटत होतं ते मधे, भोकाच्या आत.

तो तुकडा कापून राळेत बसवला आणि पाण्याच्या पॉलिश पेपरवर घासत घासत भोकाच्या बरोबर मध्यापर्यंत आणला. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मित्राने मायक्रोस्कोप दिला. भोकाच्या भिंतीवर तांब्याचा थर असतो, वरच्या ट्रॅकचा खालच्या ट्रॅकशी जोड त्याच्यातूनच. मी २५ मायक्रॉन सांगितला होता (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). समोर होता आठ-नऊ मायक्रॉन, आणि ऐन मधे आडवा, केसासारखा तडा.

कारण समजायला आमच्या घरचं विणकामाचं ज्ञान कामाला आलं. बोर्डाचं मटेरियल एफआर-४ म्हणजे काचेच्या धाग्याचं विणलेलं कापड आणि इपॉक्सी राळ. १.६ मिलिमीटरच्या बोर्डात अशा कापडाचे साधारण आठ थर एकावर एक दाबलेले असतात. तापल्यावर राळ फुगते, पण लांबी-रुंदीत उभे-आडवे धागे तिला धरून ठेवतात. जाडीच्या दिशेने धागाच नाही, त्यामुळे तिकडे बोर्ड तांब्याच्या तीन-चार पट फुगतो. भोकातली तांब्याची नळी दोन्ही टोकांना पॅडला पकडलेली, ती मधे ताणली जाते. जाड असेल तर ताण सोसते, पातळ असेल तर तडकते. माझ्या बोर्डांत तडा सोल्डरिंगच्या वेळीच गेला असणार; गार झाल्यावर टोकं एकमेकांना टेकून राहिली आणि उन्हाळ्यात सुटायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी ताईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "झालं ते झालं, आता बोर्ड चांगले आणा."

चिंचोळीच्या एमआयडीसीत दोन बाजूंचे बोर्ड करणारा एक छोटा कारखाना आहे, त्याच्या मालकांकडे गेलो. ऑर्डर ३० नगांची, म्हणजे त्यांच्या दृष्टीने काहीच नाही. मी अट घातली की माझा बोर्ड पहिल्या टाकीपासून शेवटच्या तपासणीपर्यंत मी सोबत असेन. ते जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चार दिवस उभं राहावं लागेल. हात कशालाच लावायचा नाही. गॉगल आणि गमबूट घरून आणा."

पहिला दिवस सगळा कॉम्प्युटरसमोर गेला. माझ्या गर्बर फाइल, म्हणजे बोर्डाचे नकाशे, उघडून तिथल्या मुलीने पहिली चूक माझीच काढली. वरून खाली जाणाऱ्या छोट्या भोकांभोवती मी तांब्याची कडा फारच अरुंद ठेवली होती. ड्रिल जरासं सरकलं तरी भोक कडेबाहेर जाईल. तिने भोकांची यादीही बदलली: मला तयार भोक ०.५ मिलिमीटरचं हवं, तर पाडायचं ०.६ चं, कारण नंतर भिंतीवर तांबं चढून ते लहान होणार. मग सहा कार्डं एका पॅनेलवर मांडली, ३५० बाय ४०० मिलिमीटर. कडेच्या रिकाम्या जागेत माझ्याच भोकांची एक पट्टी टाकली. ती कापून तपासायची म्हणजे कार्ड खराब करावं लागत नाही. असली पट्टी मागायची असते हे मला आधी ठाऊक नव्हतं. कोणीही बोर्ड करून घेणार असेल तर त्याने ती मागावीच.

ड्रिलिंगचं मशीन बघताना मला अण्णांची आठवण आली. माझ्या वडिलांचं सारं आयुष्य चादरीच्या जकार्डची पुठ्ठ्याची कार्डं पंच करण्यात गेलं. समोर चौकटीच्या कागदावर रंगवलेली नक्षी, आणि एकेक ओळ वाचत पुठ्ठ्यात भोकं. भोक असेल तिथे धागा वर, नसेल तिथे खाली. एक भोक चुकलं तर त्या नक्षीच्या प्रत्येक चादरीत तीच चूक. इथे ओळी वाचायला कॉम्प्युटर, आणि भोक पाडायला कार्बाइडचं ड्रिल, मिनिटाला ९० हजार फेरे घेणारं. दोन पॅनेल एकावर एक, वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, खाली टाकाऊ पाट. वरच्या पत्र्यामुळे ड्रिल घसरत नाही आणि खालच्या पाटामुळे भोकाच्या तळाला चिरफळ्या निघत नाहीत. मशीनवरच्या बाई दर काही वेळाने ड्रिल बदलत होत्या. मला वाटलं मोडलं. तसं नव्हतं. बोथट ड्रिल मोडत नाही, तापतं; त्या उष्णतेने राळ मऊ होऊन भोकाच्या भिंतीला फासली जाते आणि त्यावर तांबं नीट धरत नाही. एका ड्रिलने ठरावीक इतकीच भोकं, त्यानंतर चांगलं दिसलं तरी काढायचं. मशीनशेजारी वही होती, तीत ड्रिलचा हिशेब लिहिलेला.

दुसरा दिवस टाक्यांचा. पॅनेल ब्रशखालून जाऊन भोकांच्या कडेचे बर, म्हणजे तांब्याचे बारीक कंगोरे, निघाले आणि एका लांब रांगेतल्या टाक्यांपाशी आम्ही आलो. तिथे सगळं चालायचं एका मामांच्या शब्दावर. पन्नाशी ओलांडलेले, पूर्वी सुताच्या रंगखात्यात होते. मी टाकीत वाकून बघत होतो, तर मागून आवाज आला, "अवो इंजिनेर, काय बघलालाव? डोळे मागं घ्या."

अडचण अशी की भोकाची भिंत काच आणि राळेची आहे, तिच्यातून करंट जात नाही. करंट नाही तर तांबं चढणार कसं? म्हणून आधी करंटशिवाय तांबं बसवावं लागतं. भिंत साफ करायची, मग पॅलेडियमच्या अतिसूक्ष्म कणांच्या काळसर टाकीत बुडवायची. ते कण भिंतीला चिकटतात आणि पुढच्या टाकीत त्या कणांवर तांबं आपोआप जमायला लागतं. त्या टाकीत फॉर्मॅलिन असतं, डोळे चुरचुरतात. प्रत्येक दोन टाक्यांमधे धुणं. मामा म्हणाले, रंगखात्यातही असंच असायचं: रंग कुणीही चढवतो, धुणारा हुशार लागतो. एका टाकीतलं पुढच्या टाकीत गेलं की दोन्ही टाक्या जातात.

बाहेर आलेलं पॅनेल फिकट गुलाबी होतं आणि भोकात डोकावलं तर भिंतही गुलाबी. थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. तो सगळीकडे बसला का, हे बघायची पद्धत मला फार आवडली. भोकांच्या रांगेवरून तुकडा कापतात, भोकं अर्धी चिरली जातात, आणि मागून उजेड टाकून भिंत मायक्रोस्कोपखाली धरतात. बोर्डाची राळ अर्धपारदर्शक असते. जिथे तांबं नाही तिथून उजेड झिरपतो. मामांनी मला बघायला दिलं. काळी भिंत, रात्रीसारखी. "तारे दिसले का?" त्यांनी विचारलं. एकही नव्हता. लगेच पॅनेल पाच-सहा मायक्रॉनचा साधा थर चढवायला पुढे गेलं, कारण तो गुलाबी थर हवेवर फार वेळ टिकत नाही.

पिवळ्या दिव्यांच्या खोलीत गेल्यावर पहिल्यांदा थंडी वाजली. बाहेर ४२ अंश, आत २१. कामगारांच्या सोयीसाठी नाही, फिल्मसाठी. ट्रॅकचं चित्र असलेली पॉलिएस्टरची फिल्म तापमानाने आणि ओलाव्याने लांबते. वीस अंशांचा फरक पडला तर अर्ध्या मीटरला दीड-दोन दशांश मिलिमीटर, आणि माझ्या पॅडची कडा त्याहून फार मोठी नाही. म्हणजे सोलापूरचा उन्हाळा बोर्डाच्या आत शिरायचा एक रस्ता हा. पॅनेलवर गरम रोलरने निळसर ड्राय फिल्म चिकटवली, वर चित्राची फिल्म, मग अतिनील उजेड. उजेड लागला तिथली फिल्म टणक होते. ट्रॅकची जागा काळ्याने झाकलेली, तिथली मऊ राहते आणि धुण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्यात निघून जाते. आता जिथे ट्रॅक हवा तिथेच तांबं उघडं होतं.

आणि मग ती टाकी, जिच्यासाठी मी आलो होतो.

मोरचुदाचं निळंशार पाणी, त्यात गंधकाम्ल. दोन्ही बाजूंना टायटॅनियमच्या जाळीच्या टोपल्या, त्यांत तांब्याचे गोळे. मधल्या दांड्यावर माझी पाच पॅनेल लटकवलेली आणि दांडा हळूहळू मागेपुढे झुलतोय, म्हणजे भोकांतून पाणी खेळत राहावं. खालून हवेचे बुडबुडे. मालकांनी उघड्या तांब्याचं क्षेत्रफळ कागदावर काढलं होतं. दर चौरस डेसिमीटरला २ अँपिअर, वेळ ५५ मिनिटं.

मी विचारलं, करंट दुप्पट केला तर अर्ध्या वेळात होणार नाही का? मामांनी सरळ उत्तर दिलं नाही. जुन्या पॅनेलचा एक तुकडा आणून दिला. कडेला तांबं जळून खरबरीत झालेलं. वर घाई केली तर तांबं काठावर आणि टोकांवर साचतं, भोकाच्या मध्यापर्यंत पोचतच नाही. वरून मोजलं तर जाडी भरपूर, आत उपास. आणि वेळच कमी केला तर? तर बोर्ड अगदी असाच दिसतो. आठ मायक्रॉनचं भोक आणि पंचवीस मायक्रॉनचं भोक डोळ्याला एकच. दोन्ही तपासणीत पास होतात, कारण मीटर फक्त जोड आहे की नाही ते सांगतो, किती दिवस राहील ते सांगत नाही. या एका टाकीतली अर्ध्या तासाची बचत कुणालाही दिसत नाही, आणि तिची किंमत सोल्डरिंग करणाऱ्या बाईला बोलणी खाऊन चुकवावी लागते. मला त्या क्षणी राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

बाविसाव्या मिनिटाला लाइट गेली. बुडबुडे थांबले, दांडा थांबला. मामा ओरडले नाहीत. दोघांनी पॅनेल उचलून पाण्यात घेतली, मामांनी भिंतीवरच्या खडूच्या पाटीवर २२ लिहिलं. जनरेटर सुरू झाला तरी पॅनेल लगेच आत नाही गेली. आधी पातळ आम्लात बुडवली, कारण उघड्यावर राहिलेल्या तांब्यावर नवा थर धरत नाही, पुढे पापुद्रा सुटतो. मग उरलेली ३३ मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. मामांनी बरोबर ३३ दिली, वर एक मिनिटही सोडलं नाही. ती खडूची पाटी माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही.

तांब्यावर कथलाचा पातळ थर चढला. तो पुढच्या टाकीत तांब्याचं चिलखत. टणक झालेली फिल्म कॉस्टिकमध्ये सोलून निघाली आणि पॅनेल अमोनियाच्या फवाऱ्याखालून गेलं. कथलाखालचं तांबं राहिलं, बाकीचं विरघळून गेलं. तिथून निघालेलं पॅनेल मी उजेडाकडे धरलं, आणि ट्रॅकच्या मधल्या जागेत कापडाची वीण दिसली. स्वच्छ, उभी-आडवी वीण.

तिसऱ्या-चौथ्या दिवसाची कामं नजरेला जास्त ओळखीची. हिरवा मास्क, म्हणजे सोल्डर नको तिथे बोर्ड झाकणारा थर, जाळीच्या चौकटीतून रबरी पट्टीने ओढतात, आपल्याकडे कापडावर छपाई करतात तसाच हात. सुकवून परत उजेड दाखवायचा, पॅडवरचा धुवायचा, मग १५० अंशांच्या भट्टीत तासभर. वर पांढरी अक्षरं. पार्टच्या नंबरांच्या बाजूला एका कोपऱ्यात मी देवनागरीत ‘सोलापूर’ टाकून घेतलं होतं. मग टिनिंग: पॅनेल वितळलेल्या, शिसं नसलेल्या सोल्डरमध्ये काही सेकंद उभं बुडतं आणि वर येताना गरम हवेच्या झोताने जास्तीचं उडून जातं. भट्टी २६० अंशांच्या आसपास. भोकाची पहिली खरी परीक्षा हीच, आणि मी श्वास धरून उभा होतो. शेवटी रूटरने कार्डं सुटी केली आणि सुयांच्या मशीनने एकेक जोड तपासला.

मधल्या वेळात मालक मला मागच्या बाजूला घेऊन गेले. हे कुणी बघायला मागत नाही, म्हणाले. धुण्याचं सगळं पाणी तिथे येतं. चुना आणि कॉस्टिक घालून त्याचा पीएच नऊच्या जवळ नेला की तांबं निळसर गाळ होऊन तळाला बसतं. अमोनियाचं पाणी मात्र यात मिसळायचं नाही, कारण अमोनिया तांब्याला सोडतच नाही. ते वेगळ्या पिंपांत साठवून तांबं काढणाऱ्या परवानाधारकाकडे जातं. धुण्याच्या टाक्याही उलट्या जोडलेल्या: बोर्ड डावीकडून उजवीकडे, पाणी उजवीकडून डावीकडे, म्हणजे शेवटचं धुणं सगळ्यात स्वच्छ पाण्यात आणि तेच पाणी मागच्या टाक्यांना. नळाला रोज पाणी येत नाही अशा गावात हे बघून बरं वाटलं. बोअरचं पाणी का वापरत नाही विचारलं, तर कळलं की तांब्याच्या टाकीला क्लोराइड लिटरला ५०-६० मिलिग्रॅमच चालतं. आमच्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने टाकी एका दिवसात बिघडेल.

निघण्याआधी कडेची पट्टी कापली. यावेळी राळेत बसवायचं आणि घासायचं काम मी केलं, मालकांनी करू दिलं. मायक्रोस्कोपखाली तांब्याची नळी वरपासून खालपर्यंत अखंड, कोपऱ्यात वळलेली, पॅडला एकजीव. तीन ठिकाणी मोजलं: २६, २५, २७. आयपीसी-६०१२ या बोर्डांच्या दर्जाच्या मानकामधे साध्या औद्योगिक बोर्डाला सरासरी २० मागितलेत. लाइट गेली होती ती जागा शोधली. मला सापडली नाही. मामा मागे उभे होते. मी सरकलो, त्यांनीही डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि मान हलवून टाकीकडे निघून गेले.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ताईंनी कार्डं भरली. मे महिन्यात शेड जेवढी तापायची तेवढी तापली. दुपारचा फोन आला नाही.

तांबं काढून टाकलेली बोर्डाची एक उघडी पट्टी मी घरी आणली होती. एका रविवारी अण्णांना दाखवली आणि सांगितलं, हे काचेचं कापड आहे. त्यांचा विश्वास बसला नाही. कपाटातून सूत मोजायची भिंगाची घडी काढली, पितळेची, इंचाच्या चौकटीची. पट्टी खिडकीत धरली, भिंग उघडून ठेवलं आणि दाभणाच्या टोकाने धागे मोजत गेले, ओठ हलवत, जसे आयुष्यभर मोजले तसे.

"साधी वीण आहे," ते म्हणाले. "उभे ४४."

मग पट्टी आडवी केली आणि दाभण परत पहिल्या धाग्यावर ठेवलं.